घाटातली मोटार आणि नळीची क्लिप

मोटारीचे इंजिन किती ताकदीचे, ती एका लिटरला किती किलोमीटर जाते, तिचे ब्रेक कसे आहेत, हे विषय निघाले की कोणीही कान टवकारतो. आज मी ज्या वस्तूविषयी लिहिणार आहे तिच्याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. ही वस्तू म्हणजे बोटभर रुंदीची लोखंडी पट्टी. रेडिएटरपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या रबरी नळीच्या दोन्ही टोकांना ती आवळलेली असते. गॅरेजात तिला नुसते ‘क्लिप’ म्हणतात, कोणी ‘होज क्लिप’ म्हणतात. चार जणांनी हॉटेलात चहा घेतला तर जेवढे पैसे होतील, साधारण तेवढ्यात ती मिळते. पण भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या दोन तालुक्यांत ज्यांना रोज गाडी चालवायची आहे, त्यांच्यासाठी या पट्टीचे महत्त्व तिच्या किमतीपेक्षा पुष्कळ मोठे आहे.

ते का, हे कळायला आधी या भागातले रस्ते डोळ्यांपुढे आणा. भोर सोडून महाडकडे निघालात की नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता हिरडोशीकडे जातो आणि पुढे वरंधा घाट लागतो. वाघजाईच्या देवळापाशी भज्यांची दुकाने आहेत, माकडे आहेत, आणि कठड्यापलीकडे एकदम खाली कोकण आहे. महाडकडून वर येणाऱ्या गाडीला हा सगळा चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढावा लागतो. वेल्ह्याकडे जायला एक रस्ता नसरापुरावरून आहे, तो त्या मानाने सुखाचा. पण खानापूरहून पाबे घाट चढून वेल्ह्यात उतरणारा दुसरा रस्ता अंमळ अवघडच. तोरणा समोर दिसू लागतो तेव्हा बसलेल्यांना आनंद होतो, पण चालवणाऱ्याची नजर काट्याकडे असते. या घाटांतल्या कित्येक वळणांवर मोबाईलला रेंज नसते, आणि गॅरेज तर मैलोगणती नसते.

अशा ठिकाणी गाडी तापून उभी राहिली म्हणजे नुसती सहल बिघडते असे नाही. हे वडापच्या जीपांचे, भाजी आणि दूध पुण्याला नेणाऱ्या टेंपोंचे रस्ते आहेत. आडगावचा आजारी माणूस दवाखान्यात न्यायचा तर तोही शेजाऱ्याच्या जीपमधूनच. ज्याच्या घरचे पोट आणि बँकेचा हप्ता एका जुन्या जीपवर चालतो, त्याचे इंजिन जळाले तर त्याचा सगळा हंगाम त्या खर्चात जातो. आणि इंजिन जळायला एखाद्या क्लिपेपाशी बारीक गळती लागणे पुरेसे होते.

आता पाण्याचे काम काय ते पाहू. इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळून जी उष्णता होते तिचा थोडाच भाग चाके फिरवण्यास उपयोगी पडतो. धुरातून बराच भाग निघून जातो, आणि ढोबळमानाने एक तृतीयांश भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. हे पाणी पंप फिरवतो. आपल्याकडचे मिस्त्री या पंपाला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. तापलेले पाणी वरच्या रबरी नळीतून रेडिएटरात येते, तेथे पंख्याच्या आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याने निवते, आणि खालच्या नळीतून परत जाते. घाटात गाडीचा वेग कमी, म्हणून समोरचा वारा कमी. उलट इंजिनाचे कष्ट दुप्पट. आवक वाढली आणि जावक घटली तर वहीत जे होते तेच इथे होते, म्हणजे उष्णता शिल्लक पडत जाते.

पाणी 100 अंशांना उकळते हे आपण शाळेत शिकलो, पण ते समुद्रसपाटीचे गणित. भोर-वेल्ह्याच्या उंचीवर ते दोनेक अंश आधीच उकळू लागते. मग इंजिनातले पाणी उकळत कसे नाही? तर ते दाबाखाली कोंडलेले असते म्हणून. स्वयंपाकघरातल्या कुकरची युक्तीच ही. रेडिएटरच्या किंवा टाकीच्या झाकणात स्प्रिंग असते. बाहेरच्या हवेच्या दाबाखेरीज जवळजवळ तेवढाच आणखी दाब आत साठेपर्यंत ती झाकण उघडू देत नाही. एवढ्या दाबाखाली उकळण्याचा बिंदू 120 अंशांच्या आसपास जातो, आणि पाण्यात निम्मे कूलंट मिसळलेले असेल तर त्याच्याही थोडा वर.

गळतीचा खरा अर्थ इथे ध्यानात येतो. क्लिपेपाशी फट पडली की थेंबथेंब पाणी तर जातेच, शिवाय दाबही टिकत नाही. दाब गेला की उरलेले पाणीही लवकर उकळते आणि वाफ होऊन त्याच फटीतून निघते. म्हणून ‘थोडेसेच गळते, वरून पाणी घालत राहू’ हा हिशेब पुण्याच्या सपाट रस्त्यावर कदाचित चालेल, पाबे घाटात चालत नाही.

आणखी एक धोका सांगून ठेवतो, कारण तो फसवा आहे. उष्णतेचा काटा ज्या यंत्राने हलतो ते यंत्र पाण्यात बुडालेले असावे लागते. पाणी बरेच कमी झाले आणि ते उघडे पडले की काटा चढण्याऐवजी कधीकधी खाली येतो. चालवणाऱ्याला वाटते, चला, गाडी निवली! प्रत्यक्षात इंजिन कोरडे जळत असते. तर चढावर वर गेलेला काटा अकारण खाली आला तर आनंद मानू नका, गाडी बाजूला घ्या.

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. आमच्या विषयात डोंगरावरचा धूर आणि त्यावरून केलेले अग्नीचे अनुमान हे उदाहरण हजारो वर्षे चालत आलेले आहे. जुन्या तर्कपंडितांनी त्याला एक जोड दिली आहे: दुरून दिसते ते धूर की वाफ, याचीच शंका असेल तर अनुमान करू नये. मोटारीच्या गळतीला हा इशारा चांगला लागू पडतो. गाडीखाली ओले दिसले की ‘क्लिप सैल झाली’ असा निकाल देऊन डिसमिस हातात घेणारे पुष्कळ आहेत. पण आधी ते ओले कशाचे ते ठरवा. थंड हवेचे यंत्र असलेल्या गाडीखाली उन्हाळ्यात स्वच्छ पाण्याचे थारोळे साचते. त्याला वास नाही, रंग नाही, चिकटपणा नाही. तो दोष नव्हे. कूलंट बोटाला बुळबुळीत लागते, रंगीत असते आणि त्याला गोडसर वास येतो. मात्र जिभेला लावून पाहू नका, ते विष आहे.

ते कूलंटच आहे असे ठरले तरी थेंब जेथे पडतो तेथेच गळती असते असे नाही. पाणी नळीच्या पोटाने, एखाद्या कांबीच्या आधाराने वाहत जाते आणि सर्वांत खालच्या जागी टपकते. म्हणून जमिनीकडून वर शोधत जावे. क्लिपेच्या कडेला पांढरट किंवा रंगीत, मिठासारखी पापडी धरलेली दिसली तर खूण सापडली. पाणी वाळून गेले, त्यातले क्षार मागे राहिले. पापडी वॉटर बॉडीच्या खालच्या बारीक भोकापाशी असेल तर क्लिप बिचारी निर्दोष आहे, पंपाचे सील गेले आहे. आणि बाहेर कोठेही ओलावा नसताना पाणी मात्र रोज कमी होत असेल, तर प्रकरण आतले आहे, हेड गॅस्केटचे किंवा हीटरचे. तेथे मिस्त्रीच हवा.

काही गळत्या फक्त सकाळी दिसतात. वेल्ह्याकडे हिवाळ्यात रात्री चांगलाच गारठा पडतो. सकाळी दारातल्या गाडीखाली चार थेंब असतात, इंजिन तापले की थेंब बंद, आणि मिस्त्रीकडे नेईपर्यंत गाडी कोरडी ठणठणीत! याला तुमचा भास म्हणतील, पण तो भास नाही. रबर, लोखंड आणि आतली अॅल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची तोटी हे तिघे तापल्यावर सारखे फुगत नाहीत आणि निवल्यावर सारखे आकसत नाहीत. शिवाय वर्षानुवर्षे दाबून राहिलेल्या रबराचा लवचिकपणा जातो आणि ते दबलेलेच राहते. गार झाल्यावर नळी आकसते, क्लिप मात्र होती तेवढीच राहते, आणि मध्ये केसभर फट पडते.

क्लिपांचे मुख्य दोन प्रकार कसे वेगळे पडतात तेही यावरूनच कळेल. एक मळसूत्राची क्लिप. पट्टीवर तिरप्या खाचा, त्यांत बसणारा स्क्रू, आणि डिसमिसने फिरवला की पट्टी आवळत जाते. ब्रिटिश नौदलात कमांडर राहिलेल्या लमली रॉबिन्सन यांना 1921 साली अशा क्लिपेचे पेटंट मिळाले, आणि त्यांनी दिलेले ‘जुबिली’ हे नाव पुढे इतरांच्या क्लिपांनाही लोक सर्रास देऊ लागले. दुसरा प्रकार स्प्रिंगच्या क्लिपेचा. हिला स्क्रू नसतो. दोन कान पकडीत दाबले की ती मोकळी होते, सोडले की स्वतःच आवळते. नळी फुगली तर ती थोडी सैलावते, आकसली तर मागोमाग आवळते. पुष्कळ नव्या गाड्यांत कारखान्यातून हीच येते.

आपल्याकडे स्प्रिंगची क्लिप दिसली की ती काढून मळसूत्राची घालण्याची चाल आहे. ‘ही चांगली घट्ट बसते,’ असे त्याचे समर्थन केले जाते. मला ते सरसकट पटत नाही. सकाळच्या गारठ्यातल्या गळतीला खरे उत्तर स्प्रिंगच्या क्लिपेतच आहे, आणि कारखान्याने ती बसवली असेल तर त्याच मापाची नवी स्प्रिंगचीच घालणे बरे. घाटातल्या मुक्कामी मात्र मळसूत्राची क्लिप सोयीची, कारण ती बसवायला एक डिसमिस पुरतो आणि एकाच क्लिपेत बरीच मापे सामावतात. म्हणून गाडीत जादा ठेवायची ती मळसूत्राची. हा भेद लक्षात ठेवला म्हणजे झाले.

जुनी क्लिप पुन्हा वापरू नये, याबद्दल मात्र मी आग्रही आहे. एकदा आवळलेल्या पट्टीच्या खाचा थोड्या फाकलेल्या असतात, स्क्रूचे आटे झिजलेले असतात. वरून ती ठीक दिसते, पण जोर दिला की आटे सरकतात, आणि ते नेमके चढावर सरकतात. नवी घेताना दुकानदार ‘स्टेनलेस आहे’ म्हणेल. पट्टी असेलही, पण स्क्रू साध्या लोखंडाचा असला तर दोन पावसाळ्यांत तो गंजून पट्टीशी एकजीव होतो. कोकणातून वर येणाऱ्या गाडीला तर हे फार लवकर भोगावे लागते. पट्टीची आतली बाजू बोटाने चाचपून पाहा. ती गुळगुळीत आणि कडा किंचित बाहेर वळवलेल्या असतील तर उत्तम. आरपार खाचांची, धारदार कडांची स्वस्त पट्टी रबर कापते.

मापाचे काय? नळी तोटीवर चढवलेली असताना बाहेरून दोरा गुंडाळा आणि त्याची लांबी मोजा. समजा ती 135 मिलिमीटर भरली. तिला 3.14 ने भागले की 43 येतात. नळीचा बाहेरचा व्यास 43 मिलिमीटर. क्लिपेवर तिची मापे कोरलेली असतात. 32 ते 50 मिलिमीटरची क्लिप घेतलीत तर आपले माप तिच्या मधोमध येते. 40 ते 60 ची घेतलीत तरी ती आवळली जाईल, पण तिचे वर्तुळ नीट गोल राहणार नाही, स्क्रूखाली चपटा भाग उरेल, आणि पट्टीची लांब शेपटी बाहेर राहून कोणाचे तरी बोट कापील.

आता प्रत्यक्ष काम. पहिली अट, इंजिन पूर्ण गार हवे. गरम गाडीचे झाकण उघडणे म्हणजे शिट्टी न होता भरलेला कुकर उघडणे. उकळते पाणी तोंडावर, हातावर कारंज्यासारखे उडते. वरची नळी हाताने दाबून पाहा. ती मऊ आणि गार लागली की मगच झाकणाला हात लावा, तोही जाड फडके धरून आणि हळूहळू.

पाणी खाली घमेल्यात काढून सांध्याच्या खाली आणा. क्लिप सैल करून मागे सरकवा आणि नळी पिळत पिळत काढा. नळी चिकटली असेल तर डिसमिस घालून उचकटू नका. आजकालच्या रेडिएटरच्या तोट्या प्लॅस्टिकच्या असतात, त्या तडकल्या तर शंभराचे काम हजारांवर जाते. नळी बदलायचीच असेल तर ती लांबीने चिरून काढणे उत्तम. निघालेली नळी टोकापाशी आणि मध्यावर आळीपाळीने दाबून पाहा. रबर आतून कुजते ते बहुतेक टोकांच्या दोन इंचांत, आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. टोक मध्यापेक्षा लिबलिबीत लागले, किंवा दाबताना आत करकरले, तर नव्या क्लिपेने काही साधणार नाही, नळीच नवी घाला. टोकाचा अर्धा इंच तेवढा चिरलेला असेल आणि नळी लांबीला पुरत असेल, तर तेवढा भाग कापून टाकून निभावते.

तोटीवरची जुनी पापडी आणि गंज काढा. धातूची असेल तर बारीक पॉलिश पेपरने, प्लॅस्टिकची असेल तर नुसत्या ओल्या फडक्याने. येथे लोक घाई करतात, आणि नवी क्लिप घालूनही गळते ते यामुळेच. मग नवी क्लिप आधी नळीत ओवा. हसू नका, नळी चढवून झाल्यावर क्लिप बाहेर राहिलेली पुष्कळांनी पाहिली आहे. नळीच्या आत तेल किंवा ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते. जरासे कूलंट किंवा पाणी लावले तरी ती सरकते. डिंक, मसाला असले काही सांध्यात भरू नये.

तोटीच्या टोकाशी एक उठावाची कड असते. क्लिप त्या कडेच्या मागे बसली पाहिजे, म्हणजे पाण्याच्या दाबाने नळी सुटू पाहील तर ती कड तिला अडवील. कडेवरच बसवली तर ती पुढेमागे घसरणार. तशीच ती नळीच्या अगदी टोकाशीही नको, चार-पाच मिलिमीटर आत असू द्या. स्क्रूचे तोंड असे फिरवून ठेवा की पुढे कधी डिसमिस घालता येईल आणि पंखा लागणार नाही.

किती आवळावे? आपल्याकडे जोर म्हणजे पक्केपणा असे समजतात, तसे येथे नाही. पट्टीच्या दोन्ही कडांना रबर किंचित उचलल्यासारखे दिसले की पुरे. खाचांतून रबर बाहेर येऊ लागले तर तुम्ही नळी कापता आहात. पाणी भरून, झाकण उघडे ठेवून, हीटर गरमवर करून इंजिन चालू द्या. साधारण 85-90 अंशांना आतला थर्मोस्टॅट उघडतो, तेव्हा अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघते आणि पातळी खाली जाते, तेवढी भरून घ्या. झाकण लावा, दोनतीन दिवस गाडी चालवा, आणि मग गार इंजिनावर क्लिप पुन्हा तपासा. नवे रबर दबलेले असते, स्क्रूला पाव फेरा बहुधा लागतोच. हा दुसऱ्या दिवसाचा पाव फेरा न दिल्यानेच ‘नवी क्लिपही गळते’ अशी तक्रार येते.

हे सगळे घरी, दारात. वरंध्यात वाटेतच नळी सुटली तर? तर गाडी वळणावर नव्हे, सरळ जागी कडेला घ्या, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि पाऊण तास स्वस्थ बसा. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, धातू तडकतो. बाइंडिंगची तार गुंडाळणे हा आपला सार्वत्रिक उपाय आहे. पण तार बारीक असल्याने रबर चिरते, आणि पहिल्या चढाला पुन्हा तीच कथा. जादा क्लिप जवळ असेल तर पंधरा मिनिटांचे काम. पाणी भरायचे तर पावसाळ्यात प्रत्येक वळणाला झरा आहे, पण नेमक्या एप्रिल-मे महिन्यांत डोंगर कोरडा असतो, म्हणून पाच लिटरचा एक कॅन गाडीत ठेवावा. अडीअडचणीला कोणतेही स्वच्छ पाणी चालते, मात्र विहिरीच्या जड पाण्याने आत चुन्याचे थर धरतात, तेव्हा घरी पोचल्यावर ते काढून योग्य कूलंट भरावे. झाकण अर्धवट सैल ठेवून दाब कमी करण्याची एक जुनी युक्ती ड्रायव्हर मंडळी सांगतात. सावकाश, सपाटीवर, गाव गाठण्यापुरती ती चालते. चढावर नाही, कारण मघाशी सांगितल्याप्रमाणे दाब गेला की पाणी लवकर उकळते.

कूलंटच्या रंगावर जाऊ नका. हिरवे, लाल, निळे हे रंग कंपन्यांनी आपापल्या मर्जीने घातलेले असतात. गाडीच्या पुस्तकात जी जात लिहिली असेल तीच घ्यावी आणि दोन जाती एकत्र करू नयेत. काढलेले जुने कूलंट दारात किंवा ओढ्यात ओतू नका. ते चवीला गोडसर असते, कुत्री ते चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. गुरांनाही ते घातकच. झाकणाच्या बाटलीत भरा, बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहा, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा, आणि पुढच्या खेपेला भोर किंवा नसरापूरला गेलात की जे गॅरेज जुने तेल जमा करून घेते तेथे देऊन टाका.